पिंपरीचं पेनिसिलिन आणि आजोबांचा खोकला

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. ताबा घेतला तेव्हा बहुतेक सभासद चाळिशीच्या आसपास होते. सुरुवातीच्या सभांमध्ये पाळणाघर आणि शाळेच्या रिक्षा यावर चर्चा व्हायची. हल्ली लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला खाली कसं न्यायचं, यावर होते. पंचवीस वर्षांत इमारतीबरोबर आपणही वयानं वाढलो. डोंबिवली-कल्याण-ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांची हीच गोष्ट आहे.

पाण्याचा, कन्व्हेयन्सचा, गणेशोत्सवाचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी ठाण्याच्या पट्ट्यात एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये तीस वर्षं काढली, म्हणून संपादक मंडळानं "औषधांवर काहीतरी लिहा" असं सुचवलं. आरोग्याचे सल्ले आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी येतातच. त्यामुळे मी इतिहास लिहायचं ठरवलं. हा इतिहास अँटिबायोटिकचा आहे, आणि त्यातही छातीत कफ भरलेल्या, दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला वाचवणाऱ्या अँटिबायोटिकचा. हे औषध आपल्याकडे आलं कसं, ते दुबळं कशानं झालं आणि त्याची किंमत कोण मोजतंय, एवढंच यात सांगायचं आहे.

औषध नव्हतं तेव्हा

आपल्या पणजोबांच्या काळात न्यूमोनिया म्हणजे जवळजवळ निरोपच. विल्यम ऑस्लर हे त्या काळचे फार मोठे डॉक्टर. न्यूमोनिया हा म्हाताऱ्यांचा मित्रच म्हणायचा, असं त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलं होतं. फार न छळता तो घेऊन जातो, हा त्यामागचा अर्थ. १९१९ च्या डिसेंबरमध्ये स्वतः ऑस्लरही न्यूमोनियाच्या गुंतागुंतीतूनच गेले.

त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९१८ मध्ये, फ्लूची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली होती. भारतात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं त्यात गेली. फ्लू हा विषाणूचा आजार, पण त्यातले बरेचसे मृत्यू फ्लूनं कमजोर झालेल्या फुफ्फुसात नंतर शिरलेल्या बॅक्टेरियांमुळे झाले. व्हायरस दार उघडतो आणि बॅक्टेरिया आत येतात, हा धडा तेव्हाचा. शंभर वर्षांनी कोविडमध्ये तो आपल्याला पुन्हा गिरवावा लागला.

पहिली मात्रा लागू पडली ती सल्फा औषधांची, १९३५ नंतर. डिसेंबर १९४३ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ६९ वर्षांचे विन्स्टन चर्चिल उत्तर आफ्रिकेत न्यूमोनियानं आजारी पडले. त्यांना पेनिसिलिननं वाचवलं अशी दंतकथा अजून फिरते. प्रत्यक्षात त्यांना दिलं होतं ते सल्फा. एकोणसत्तर वर्षांचा माणूस न्यूमोनियातून उठतो आणि परत युद्ध चालवायला लागतो, याचंच लोकांना अप्रूप वाटलं होतं. म्हातारपण आणि न्यूमोनिया यांची जोडी पहिल्यांदा फुटली ती अशी.

पेनिसिलिन पिंपरीला येतं

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात बुरशीच्या एका डागाभोवती जंतू मेलेले दिसले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आपण वाचली आहे. त्या बुरशीच्या रसापासून औषध बनवलं ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटानं. या तिघांना १९४५ चं नोबेल मिळालं.

स्वातंत्र्यानंतर भारतापुढे प्रश्न होता की हे औषध आयात करत राहायचं की इथे बनवायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं, औषधं देशातच आणि सरकारी कारखान्यात बनली पाहिजेत, असं ठामपणे मांडत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षापासून तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. सरकारी क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. पुणेकर त्याला नुसतं "एच.ए." म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीचा हा पहिल्या पिढीचा कारखाना. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनलं, म्हणजे क्षयाच्या इंजेक्शनचीही सोय झाली.

पेनिसिलिनची छोटी काचेची बाटली, तिला रबराचं बूच, त्यावर ॲल्युमिनियमचं टोपण. आत पांढरी पूड. कंपाउंडर त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायचा. ही बाटली तालुक्याच्या दवाखान्यात पोचली आणि घरातला म्हातारा माणूस न्यूमोनियातून उठून बसू लागला. आज आपण ज्या औषधांना नावं ठेवतो, त्यांनी आपल्या आधीच्या पिढीला किती वर्षं जास्तीची दिली, हे विसरता कामा नये.

फ्लेमिंग यांनी सांगितलेली गोष्ट

नोबेल स्वीकारताना डिसेंबर १९४५ मध्ये फ्लेमिंग यांनी भाषण केलं. त्यात त्यांनी एक काल्पनिक जोडपं घेतलं. नवऱ्याचा घसा दुखतो. तो दुकानातून थोडं पेनिसिलिन आणतो आणि स्वतःच घेतो. जंतू मरतील इतकं ते नसतं, पण औषधाला तोंड कसं द्यायचं हे जंतूंनी शिकावं इतकं असतं. मग त्याच्यापासून बायकोला संसर्ग होतो. तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलिन देतात, पण जंतू आता त्याला दाद देत नाहीत. बायको मरते.

ऐंशी वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, आणि या लेखातलं सगळं तिच्यात आलं. चुकीचं औषध घेतलं एकानं, जीव गेला दुसऱ्याचा. बाकी औषधांचं असं नसतं. मी रक्तदाबाची गोळी चुकवली तर त्रास मलाच होतो, शेजारच्या काकूंचा रक्तदाब वाढत नाही. अँटिबायोटिक हे एकच औषध असं की मी ते कसं वापरतो त्यावर शेजाऱ्याला ते लागू पडणार की नाही हे ठरतं. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर ती फ्लॅटमालकाची मालमत्ता नाही, सामाईक मालमत्ता आहे. सिंकिंग फंडासारखी. खर्च कोणीही करतो, भरणा मात्र फार हळू होतो.

जंतू हे शिकतात कसे? खरं तर ते शिकत नाहीत, त्यांच्यात निवड होते. अनुकूल परिस्थितीत काही बॅक्टेरिया वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. एवढ्या प्रचंड संख्येत एखाद्यात असा बदल झालेला असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषध बाकीच्यांना मारतं, हा उरतो, आणि मोकळ्या जागेत त्याचीच प्रजा वाढते. शिवाय हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. त्याचा जनुकांचा एक छोटा गोल तुकडा असतो, तो ते एकमेकांकडे सरकवतात. म्हणजे पोटातल्या निरुपद्रवी जंतूनं कमावलेला गुण उद्या फुफ्फुसात शिरणाऱ्या जंतूकडे जाऊ शकतो.

पेनिसिलिन तोडणारं रसायन काही जंतूंकडे असतं, हे ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच छापलं होतं. रुग्णांवर पेनिसिलिनचा खरा वापर सुरू व्हायच्याही आधी! त्यावर पुढे उतारा निघाला. आपण सगळे जिला "सिक्स ट्वेंटीफाइव्ह" म्हणतो ती गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. यातलं दुसरं औषध जंतूच्या त्या हत्याराला अडकवून ठेवतं आणि पहिलं जंतूला मारतं. म्हणजे गोळीच्या नावातच जंतू आणि माणूस यांच्या कुरघोडीचा इतिहास आहे.

कारखाने, काउंटर आणि स्वस्ताई

१९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवरचं पेटंट आपल्याकडे बंद केलं. परदेशात शोधलेलं औषध वेगळ्या पद्धतीनं इथे बनवायला मुभा मिळाली. ही मुभा २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे भारतात औषधं जगात सर्वांत स्वस्त झाली, आणि आपल्या ठाणे जिल्ह्याला रोजगार मिळाला. ठाण्यात ग्लॅक्सो, कोलशेतला सँडोझ, ठाणे-बेलापूर रस्त्यावर फायझर, शिवाय वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतले अनेक छोटे कारखाने. सकाळच्या पाळीच्या कंपनी बस पकडणारे कितीतरी लोक या भागात होते, मीही त्यातलाच. त्यातल्या काही जागांवर आता निवासी टॉवर उभे आहेत.

स्वस्ताईनं गरिबाचा जीव वाचला, हे आधी मान्य करू. पण तिला दुसरी बाजूही होती. अँटिबायोटिक "शेड्यूल एच"मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम होता, तरी प्रत्यक्षात "सर्दी-खोकल्याचं काहीतरी द्या" म्हटलं की दोन पांढऱ्या आणि एक लाल-काळी कॅप्सूल कागदात बांधून मिळायची. पाच दिवसांचं औषध दोन दिवसांचं घ्यायचं, बरं वाटलं की उरलेलं कपाटात ठेवायचं, आणि पुढच्या वेळी तेच घरातल्या दुसऱ्याला द्यायचं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली तेव्हा टेट्रासायक्लिनसाठी सुरतेतच नव्हे, मुंबईतही दुकानांवर झुंबड उडाली होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते दिवस आठवत असतील.

क्षयाच्या बाबतीत याचा फटका सर्वांत आधी दिसला. एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे ब्रिटनमध्ये १९४८ सालीच सिद्ध झालं होतं. म्हणून क्षयाला तीन-चार औषधं एकत्र आणि महिनोन्‌महिने देतात. पण १९९१ मध्ये धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी क्षयावर ऐंशी वेगवेगळ्या पद्धतींची औषधयोजना लिहून दिलेली आढळली. वीस वर्षांनी, २०११ च्या डिसेंबरात, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद जगापुढे मांडली. तपासलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. "टोटली" हा शब्द सरकारला मान्य झाला नाही, वाद बराच झाला. पण मे २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

आपल्या पंचवीस वर्षांत काय घडलं

आता आपल्या सोसायटीच्या वयाकडे येऊ. आपलं बांधकाम चालू होतं तेव्हा, १९९९ मध्ये, न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूची देशभरातली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नागपूर हे त्यातलं महाराष्ट्रातलं केंद्र. पेनिसिलिनला थोडासा विरोध करणारे जंतू त्यात जेमतेम १.३ टक्के होते. पण स्वस्त आणि सर्रास दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्सॅझोलला ५६ टक्के जंतू दाद देत नव्हते. जे औषध जास्त वापरलं, तेच आधी गेलं. आपण ताबा घेतला तेव्हा परिस्थिती इथवर आली होती.

पुढे घटना भराभर घडल्या. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात असा जंतू सापडला की ज्याच्यावर कार्बापेनेम, म्हणजे हॉस्पिटलात शेवटी राखून ठेवलेली इंजेक्शनंही चालत नव्हती. त्याच्या त्या गुणाला "न्यू दिल्ली" हे नाव जोडलं गेलं, एनडीएम-१. २०१० मध्ये यावरून देशात केवढा गदारोळ झाला! नावावर भांडणं झाली, पण त्याच वर्षी मार्चमध्ये हिंदुजा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात आपली आकडेवारी शांतपणे छापली होती. कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने त्यांनी तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. म्हणजे तो जंतू दिल्लीचाच नव्हता, मुंबईतही होता.

१ मार्च २०१४ पासून "शेड्यूल एच-वन" लागू झालं. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, क्षयाची औषधं अशी एकूण ४६ औषधं त्यात आली. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा आणि केमिस्टनं वेगळ्या वहीत डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि औषधाचं प्रमाण लिहून ती वही तीन वर्षं जपायची. २०१६ पासून अँटिबायोटिकच्या पट्टीवरच्या लाल उभ्या रेघेची जाहिरात झाली. ही रेघ दिसली की समजायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. आजच घरातली एखादी पट्टी उलटून बघा.

आणि मग २०२०. बाळकुमचं ग्लोबल हब, डोंबिवलीचं सावळाराम क्रीडासंकुल, बंद गेट आणि जिन्यात ठेवलेलं सॅनिटायझर. कोविड हा व्हायरसचा आजार. अँटिबायोटिक व्हायरसला मारत नाही. तरी घरोघरी ॲझिथ्रोमायसिनच्या पट्ट्या आल्या. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात ॲझिथ्रोमायसिनचे ३ कोटी ८० लाख डोस नेहमीपेक्षा जास्त विकले गेले. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा कळलं की कोविडमध्ये त्याचा काही उपयोग नव्हता. हे औषध शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं. रेंगाळणाऱ्या कमी मात्रेत जंतूंची नेमकी ती निवड होते, जिची भीती फ्लेमिंग यांना होती.

त्याच लाटेत दुसरी गोष्टही दिसली. आयसीएमआरनं दहा रुग्णालयांतल्या १७,५३४ कोविड रुग्णांची नोंद तपासली. त्यातल्या ३.६ टक्के लोकांना हॉस्पिटलात दुसरा, म्हणजे बॅक्टेरिया किंवा बुरशीचा संसर्ग झाला. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण त्या लोकांपैकी ५६.७ टक्के वाचले नाहीत. त्यांच्यात सर्वांत जास्त सापडले ते क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, म्हणजे आयसीयूमधले, औषधांना न जुमानणारे जंतू. आयसीएमआरच्या २०२२ च्या अहवालात ॲसिनेटोबॅक्टरचे सुमारे ८८ टक्के नमुने कार्बापेनेमला दाद देत नव्हते. व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या फुफ्फुसात जाणारा जंतू बहुतेक वेळा याच कुळातला असतो.

बिल कोणाच्या नावावर

सप्टेंबर २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये जगभराची १९९० ते २०२१ ची मोजदाद प्रसिद्ध झाली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू या काळात निम्म्याहून जास्त घटले. लसी, स्वच्छ पाणी, चांगले दवाखाने यांचं हे यश. पण त्याच काळात सत्तरीपुढच्या माणसांचे असे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त वाढले. याच गटाच्या आधीच्या मोजदादीत, २०१९ सालासाठी, अशा मृत्यूंमध्ये फुफ्फुसाचे संसर्ग पहिल्या क्रमांकावर होते.

म्हाताऱ्या माणसांवरच हे का येतं? वय वाढलं की खोकण्याची ताकद कमी होते, कफ बाहेर पडत नाही. गिळताना ठसका लागून अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो. मधुमेह असतो, जुनी दम्याची किंवा सीओपीडीची तक्रार असते. हॉस्पिटलात जाणं-येणं जास्त, म्हणजे तिथल्या जंतूंशी गाठ जास्त. एकाच माणसाला हृदयाचे, हाडांचे, छातीचे असे तीन डॉक्टर असतात, आणि गेल्या वर्षभरात कुठली अँटिबायोटिक झाली हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नसतं. औषध चुकलं तर वेळ गेलेला असतो, आणि पंचाहत्तरीच्या शरीराकडे वेळच कमी असतो. शिवाय जोरदार औषध देताना मूत्रपिंड झेपवेल का, हाही प्रश्न असतो.

म्हणून म्हणतो, सर्दीला गोळी घेणारा तरुण मुलगा चार दिवसांत तसाही बराच झाला असता. त्याच्या घशातले-पोटातले जंतू मात्र त्या गोळीनं बदलले, आणि ते ज्याच्याकडे गेले तो आजोबा असू शकतो. फ्लेमिंग यांच्या गोष्टीतली बायको आज सत्तर वर्षांची आहे आणि बहुधा आपल्याच विंगमध्ये राहते.

नवं औषध, जुनी सवय

निराश होण्यासारखंच सगळं नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते नॅफिथ्रोमायसिन या औषधाचं अनावरण झालं. मिक्नाफ हे त्याचं नाव. ते वोखार्टनं विकसित केलं. कंपनी मुंबईची, संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं. ॲझिथ्रोमायसिनच्याच कुळातलं, पण त्याला न जुमानणाऱ्या न्यूमोनियाच्या जंतूंवरही चालावं म्हणून घडवलेलं. घरी-बाहेर वावरताना होणाऱ्या न्यूमोनियासाठी, दिवसातून एकदा, तीन दिवस. पिंपरीत परदेशी मदतीनं परदेशी शोधाचं औषध बनवणाऱ्या महाराष्ट्रात सत्तर वर्षांनी स्वतःचा रेणू निघाला, याचा अभिमान वाटतो.

पण पिंपरीचंही ऐका. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पुढे आजारी उद्योगांत गेली. स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलिन-जी देशात बनणं थांबलं, आणि २०२० मध्ये ते पुन्हा इथे बनावं म्हणून सरकारला खास प्रोत्साहन योजना आणावी लागली. अँटिबायोटिक हा फार नफ्याचा धंदा नाही. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक पाच दिवस. त्यात चांगलं नवं अँटिबायोटिक डॉक्टरांनी राखून ठेवायचं असतं, मग खपणार किती? म्हणून नवीन औषधं थोडीच येतात. मिक्नाफलाही आपण सर्दीची गोळी करून टाकलं, तर तेही त्याच वाटेनं जाईल.

दुसरी चांगली बातमी लसीची. न्यूमोकॉकसची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं डिसेंबर २०२० मध्ये देशात बनवून आणली आणि पुढच्या वर्षी सरकारी लसीकरणात ती देशभर मिळू लागली. ती बाळांसाठी आहे. पण २००० नंतर अमेरिकेत बाळांना अशी लस द्यायला लागल्यावर त्यांच्या आजी-आजोबांमधलाही हा आजार कमी झालेला दिसला, कारण जंतू नातवंडांच्या नाकातूनच त्यांच्याकडे येत होता. म्हाताऱ्यांसाठी वेगळी न्यूमोकॉकसची लस आणि दरवर्षीची फ्लूची लसही मिळते. जो आजार झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

आपल्या गेटच्या आत

शेवटी थोडं आपल्यापुरतं. अँटिबायोटिक वाईट नाही. खऱ्या बॅक्टेरियल न्यूमोनियात ते लवकर मिळालं नाही तर माणूस जातो. म्हाताऱ्या माणसात ताप नसेलही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण सोडणं, दम लागणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, यातलं काहीही दिसलं तर "उद्या बघू" म्हणू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. आणि उलट, नुसती सर्दी, घसा, खोकला असेल तर तो दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही.

डॉक्टरांना विचारायला लाजू नये. "हे बॅक्टेरियाचं आहे का? थुंकीची कल्चर तपासणी करायची का? किती दिवस घ्यायचं?" दिवस त्यांनी सांगितले तेवढेच, कमीही नाही आणि मनानं जास्तही नाही. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या फाइलमध्ये एका कागदावर गेल्या वर्षभरात घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं आणि तारखा लिहून ठेवा. नवीन डॉक्टरला त्याचा किती उपयोग होतो, हे तेच सांगतील. उरलेल्या गोळ्या वॉचमनला किंवा कामवाल्या मावशींना "बघ, मला गुण आला होता" म्हणून देऊ नका. आणि ग्रुपवर "मला या गोळीनं दोन दिवसांत बरं वाटलं" असं गोळीचं नाव टाकू नका. मदत करायची असेल तर डॉक्टरचा नंबर टाका.

व्यवस्थापक समितीला एक सूचना. दरवर्षी दिवाळीआधी आपण टाक्या धुतो, आग विझवायचे सिलिंडर तपासतो. त्याच सुमारास कम्युनिटी हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं शिबिर ठेवावं. खर्च ज्याचा त्यानं करावा, सोय सोसायटीनं करावी.

लॅन्सेटच्या त्याच अहवालात पुढचा अंदाजही आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०२५ ते २०५० या काळात जगात ३ कोटी ९० लाख माणसं जाऊ शकतात, त्यातली १ कोटी १८ लाख एकट्या दक्षिण आशियातली. आणि २०५० मध्ये सत्तरीपुढच्यांचे असे मृत्यू आजच्या दुपटीहून जास्त असतील. हा अंदाज आहे, विधिलिखित नाही. चांगली काळजी आणि योग्य औषध वेळेवर मिळालं तर तो बराच खाली आणता येतो, असंही तिथेच म्हटलं आहे.

२०५० हे आपल्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्ष. आज जी मुलं खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि आपल्या काचा फोडतात, ती तेव्हा समितीवर असतील, आणि आज चाळिशीत असलेले त्यांचे आई-वडील पासष्टीत. त्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला, तर कपाटात चालणारं औषध शिल्लक असावं. ते आपण आत्ताच वापरून संपवू नये.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पुढची पंचवीस वर्षं सगळ्यांचा श्वास मोकळा राहो.